ठेल्याची उंची किती असावी

त्या दुपारी आम्ही पत्र लिहीत होतो. हिवाळ्याचं ऊन अंगणात आलं होतं. कुसुम, माझी बायको, भिंतीला पाठ टेकून बसली होती. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद. मी समोर बसून तुरीच्या शेंगा सोलत होतो. सांगणारा मी, लिहिणारी ती, हे आमचं चाळीस वर्षं चाललं. मी चौथी शिकलो. ती दहावीपर्यंत गेलेली, आणि अक्षर असं की पोस्टातला बाबू विचारायचा, हे कोणत्या मास्तरचं आहे जी.

पत्र दिल्लीला जायचं होतं. विषय नेहमीचाच. बाजारातला हातठेला, माल नेणारा टेम्पो आणि दुकानाचा ओटा, तिन्ही देशभर एकाच उंचीचे असावेत. म्हणजे माल सरकवता येईल, उचलावा लागणार नाही. इतकं लिहून झालं आणि उंचीचं वाक्य आलं.

"लिही," मी म्हटलं, "तिन्हीची उंची चौतीस इंच असावी."

तिनं पेन उचलला. "चौतीस काहून?"

"हमालाची कंबर तिथं येते."

"हमालाची येते. बाईची?"

"बाया कुठं ठेला ओढून राहिल्या वं?"

"ओढत नसतील. भरतात ना. तुमी ओढणारा पाह्यला, भरणारी कधी पाह्यली?"

मी म्हटलं, हे धोरणाचं पत्र आहे, घरगुती नाही. धोरण हा शब्द मी रेडिओवर ऐकून शिकलो होतो आणि जिथं तिथं वापरायचो. तिनं आकड्यासाठी दोन बोटं जागा कोरी सोडली, पुढे 'इंच' लिहिलं आणि म्हणाली, "उद्या सकाळी ठरवू. आता पुढचं सांगा."

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. ती कोरी जागा कशी भरली हे सांगायला मी बसलो आहे. दिवाळी अंकवाल्यांनी धंद्याचे अनुभव मागितले, म्हणून धंद्याचंही सांगतो. अक्षर माझं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मुलीनं सुधारले. आता सांगणारा मी आणि लिहिणाराही मीच, त्यामुळे मध्ये मध्ये थांबतो. पुढचं सांगा म्हणणारं कोणी नाही.

ठेला म्हणजे काय हे समजावून द्यावं लागेल, कारण अंक वाचणाऱ्या लोकांनी ठेल्याला फक्त हॉर्न दिलेला असतो. भाजीचा चार चाकांचा ठेला वेगळा. मी बनवायचो तो इतवारीच्या बाजारातला माल ओढायचा ठेला. दोन चाकं, एक आस, वर सहा-सात फुटांची फळ्यांची पाठ, पुढे दोन दांडे. दिसायला काहीच नाही. पण आस बोटभर मागे गेला तर सगळं वजन ओढणाऱ्याच्या हातावर येतं. बोटभर पुढे आला तर ठेला मागे कलंडतो आणि माणूस दांड्याला लटकतो, लोक हसतात. आस बरोबर जागी बसला तर पंधरा पोती भरलेल्या ठेल्याचा दांडा दोन बोटांवर राहतो. माझ्या ठेल्याचा राहायचा. गिऱ्हाईक आलं की मी त्याला दोन बोटंच लावायला सांगायचो, तोंडानं काही सांगायचो नाही.

मी शिकलो तेव्हा चाकं लाकडाची होती. बाभळीचं लाकूड, वरून लोखंडी धाव. धाव गोवऱ्यांच्या आगीत लाल करायची, चिमट्यांनी धरून चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचं. ती आवळून बसली की सगळं चाक कर्र करून एक होतं. तो आवाज आता इतवारीत कोणाच्या कानात नसेल. नंतर मोटारीची जुनी टायरची चाकं आली. बरंच झालं, ओढायला हलकी. पण मला तो आवाज आवडायचा आणि कुसुमलाही. नवीन लग्न झालं तेव्हा डबा घेऊन यायची आणि धाव चढवायची असेल तर तेवढं पाहूनच जायची. पाणी ओतायचं काम मग तिचं.

आता भाऊराव. भाऊराव इतवारीतला हमाल, धान्याच्या दुकानांच्या ओळीत काम करायचा. दांड्याच्या दुरुस्तीला आला की बूड टेकायचा नाही, उभाच. एकदा मी विचारलं, बसत काहून नाही? म्हणाला, "बसलो तर उठा लागते ना मिस्त्री." मग त्यानं समजावून सांगितलं. पोत्याचं वजन त्याला काही करत नव्हतं. वाकणं करत होतं. खालून उचलायचं, ठेल्यावर ठेवायचं, ठेल्यावरून पुन्हा उचलायचं, टेम्पोत वर टाकायचं. दिवसभर.

माझा विश्वास बसला नाही. मी आडमुठा माणूस. एक दिवस कारखाना बंद ठेवून त्याच्या ओळीत जाऊन बसलो आणि तो किती वेळा वाकतो ते मोजत राहिलो. मोजता मोजता जेवायचं राहून गेलं. पाहिलं ते असं की दुकानाचा ओटा गुडघ्याला, माझा ठेला मांडीला आणि टेम्पोचा तळ कमरेच्या वर. ओटा दुकानदारानं त्याच्या मनानं बांधला, ठेला मी माझ्या मनानं केला, टेम्पोची बॉडी बांधणाऱ्यानं त्याच्या मनानं. तिघांच्या मनातलं अंतर भाऊराव पाठीनं भरत होता.

घरी येऊन कुसुमला सांगितलं. ती म्हणाली, "मंग सांगा ना कोणाले तरी."

"कोणाले सांगू?"

"सरकारले. कागद आहे माह्याजवळ."

असं पहिलं पत्र गेलं. मग सवय लागली. ठेल्याच्या उंचीवरून सुरू झालं आणि वाढत गेलं. प्रत्येक पेठेत ठेले उभे करायला सावलीची जागा आणि पाणी असावं. ठेल्याचा एक चांगला नकाशा सरकारनं काढावा आणि फुकट वाटावा, म्हणजे गावोगावचा सुतार आपापल्या गावात ठेले बनवून विकेल, त्याला शहरात यायला लागणार नाही. आयटीआयमध्ये ठेल्याचा कोर्स असावा. मोटारीचा आहे, ठेल्याचा काहून नाही? लोक हसायचे. देश मोठा करायला विमानं पाहिजेत, रस्ते पाहिजेत, मला कबूल आहे. पण विमानातून उतरलेला मालही शेवटची दोनशे पावलं ठेल्यावर जातो. त्या दोनशे पावलांचा विचार करणारा माणूस मला कोणत्याही सरकारात दिसला नाही. मी काही मोठा नाही, मी फक्त त्या दोनशे पावलांत उभा होतो.

उत्तरं यायची. सगळी छापील. आपले पत्र संबंधित विभागाकडे योग्य कार्यवाहीसाठी पाठवण्यात आले आहे. कुसुम ती साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून ठेवायची. मी म्हणायचो फेकून दे. ती म्हणायची, त्याच्यावर आपलं नाव आहे, कायले फेकाचं.

ब्रेकची गोष्ट सांगायलाच पाहिजे, कारण ती माझी चूक आहे. भांड्यांच्या ओळीतल्या एका व्यापाऱ्यानं लांब ठेला मागितला. भांडी हलकी, जागा फार खातात. मी आठ फुटांचा करून दिला. दोन बोटांवर तोलला, खुश झाला. काही महिन्यांनी त्यानं तो सळईवाल्याला विकला. सळया भरून ठेला पुलाच्या उतारावर गेला आणि थांबला नाही. ओढणारा पुढे, मागे सगळं लोखंड. त्याचा पाय गेला. पोलिसांनी व्यापाऱ्याला विचारलं, सळईवाल्याला विचारलं. मला कोणी विचारलं नाही. ठेला कोणी बनवला हे कोणी विचारतच नाही. मी पाठ वाढवली आणि थांबायची सोय केली नाही, कारण ठेल्याला ब्रेक असतो हे आमच्या धंद्यात कोणाच्या डोक्यातच नव्हतं. मी त्या माणसाला भेटायला गेलो होतो. तो माझ्याशी बरा बोलला. ते अजून जास्त लागतं.

मग मी टायरचा तुकडा आणि सायकलची तार लावून ब्रेक केला. व्यापारी म्हणाले, कायले पाहिजे, काढून टाका. तेव्हा मी त्याला ब्रेक म्हणणं सोडलं आणि स्टँड म्हणायला लागलो. स्टँड सगळ्यांना पाहिजे असतो. त्यानंतर माझ्या कारखान्यातून बिनस्टँडचा एकही ठेला गेला नाही. ही एक गोष्ट मी सरकारच्या आधी करून दाखवली.

उंचीचा प्रयोगही केला. धान्याच्या ओळीतले एक म्हातारे शेठ भले होते. मी म्हटलं, तुमच्या ओट्याच्या उंचीचा एक ठेला करतो, तुम्ही ओट्याला एक थर वाढवा, आणि टेम्पोवाला तोच ठेवा ज्याचा तळ जुळतो. मध्ये फळी टाकली की पोतं ओट्यावरून ठेल्यावर, ठेल्यावरून टेम्पोत, लोटलं की गेलं. पहिल्या दिवशी अर्धी ओळ पाहायला आली. भाऊरावनं एका हातानं पोतं सरकवून दाखवलं आणि दुसऱ्या हातानं मिशी फिरवली. मी घरी जाताना मिठाई घेतली.

तीन आठवड्यांनी भाऊराव कारखान्याच्या दारात उभा राहिला. कुसुम तेव्हा डबा घेऊन आलेली.

"मिस्त्री," तो म्हणाला, "तुमचं डोकं चांगलं चाललं. शेठनं दोघं कमी केले. त्यातला एक मी हावो."

कुसुमनं चहा मागवला, त्यानं फक्त पाणी घेतलं आणि गेला. मला राग आला शेठचा, पण खरं सांगतो, जास्त राग आला भाऊरावचा. मी त्याच्यासाठी केलं होतं ना. घरी जाऊन तेच बोललो. कुसुम म्हणाली, तुम्ही त्याच्या पाठीचा विचार केला, त्याच्या चुलीचा केला नाही. त्या आठवड्यात जे पत्र गेलं त्यात एक वाक्य मी न सांगता तिनं घातलं. सोयीमुळे वाचलेले श्रम हमालाचे आहेत, मालकाचे नाहीत. सोय झाली म्हणून माणसे कमी करू नयेत, तास कमी करावेत. पुढच्या सगळ्या पत्रांत ते वाक्य राहिलं. मी म्हटलं कोण ऐकते. ती म्हणाली, न ऐकू दे, आपण लिहिलं नाही असं तर होणार नाही. भाऊराव पुढे माझ्याकडेच आला, रंगाच्या कामाला, आणि शेवटपर्यंत राहिला. पण तो त्यानं मागितलेला उपकार नव्हता, आणि मी केलेलाही नाही. ती फेड होती.

एकदा खरंच बोलावणं आलं. सिव्हिल लाइन्समधल्या एका ऑफिसात एक तरुण साहेब होता, त्याच्या टेबलावर माझी सहा-सात पत्रं एकावर एक लावलेली. कुसुम बरोबर आली होती, इस्त्रीची साडी नेसून. साहेबानं विचारलं, ठेला हे वाहन आहे का? मी म्हटलं, चाकं आहेत. इंजिन? मी म्हटलं, इंजिन भाऊराव आहे. तो हसला, मग हसायचा थांबला. म्हणाला, काका, अडचण ही आहे की टेम्पो परिवहनकडे, ओटा महानगरपालिकेकडे आणि ठेला कोणाकडेच नाही. मग त्यानं पत्रं उलटवून दाखवली. एकात बत्तीस इंच, एकात छत्तीस, एकात तेहतीस. म्हणाला, एक आकडा पक्का करा आणि तो कशावरून काढला तेही लिहा. नाहीतर कोणी वाचणार नाही.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, मला शिकवतो. कुसुम म्हणाली, "बरोबर बोलला पोरगा. तुमी दरवेळी वेगळ्या माणसाची कंबर घेता."

ते खरं होतं. ज्या दिवशी जो हमाल समोर आला, त्याच्यावरून मी माप सांगायचो. आणि कोणी समोर नसला तर आमच्या धंद्याची एक सवय आहे, बनवणारा माप स्वतःवरून घेतो. बेंच माझ्या कमरेला, लाकूड कापायचा घोडा माझ्या गुडघ्याला. मी उंच माणूस. माझा हात जिथं सहज पोचतो तिथं सगळ्यांचा पोचतो असं मी धरून चालायचो.

त्या सवयीचं एक गिऱ्हाईक माझ्या घरातच होतं. मुलीच्या वेळी कुसुम माहेरी गेली होती. ती येईस्तोवर पक्कं स्वयंपाकघर करून ठेवायचं असं मी ठरवलं. चुलीपुढे बसून तिचे डोळे जायचे, म्हणून उभ्यानं रांधायचा ओटा. गवंड्यानं विचारलं, किती उंच घेऊ? मी भिंतीपाशी उभा राहिलो, कमरेला हात लावला आणि म्हटलं, इथं. छत्तीस इंच भरलं. वर कडप्पा घातला, कडा घासून गोल केल्या. ती पोरगी घेऊन आली, ओट्यापाशी उभी राहिली. ओटा तिच्या बरगड्यांना लागला. कुसुम माझ्या खांद्यापेक्षाही खाली होती.

"अवो," ती म्हणाली, "हा कोणाच्या बायकोसाठी बांधला?"

मी पण हसलो. दिवाळीनंतर तोडून खाली घेतो म्हणालो. तोवर कामाला म्हणून कारखान्यातल्या आंब्याच्या फळीचा एक पाट करून दिला, पाच इंच उंच. त्यावर उभी राहून ती पोळ्या लाटायला लागली. ती दिवाळी गेली, पुढची गेली. मुलगी शिकली, लग्न होऊन पारशिवनीला गेली. मी देशाच्या ओट्यांवर पत्रं सांगत राहिलो आणि ती पाटावरून उतरून, हात पुसून, ती लिहून घेत राहिली. तिनं नंतर कधी आठवण दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. नाही, तेही खरं नाही. दिली असती तर मी म्हटलं असतं, पुढच्या महिन्यात.

मागच्या पावसाळ्यानंतर ती मुलीकडे राहून आली. रंजनाच्या सासरी मिरची, वांगी असतात. तोडलेला माल क्रेटमध्ये भरून बाया बांधावरच्या टेम्पोत चढवतात. कुसुमला नुसतं बसवत नसे, तीही एक दिवस लागली हाताखाली. आली तेव्हा खांदा धरलेला. म्हणाली, टेम्पो बायांच्या छातीपर्यंत येतो, क्रेट वर फेकावं लागते. मी म्हटलं, मग काहीतरी पायाखाली घेऊन उभं राहावं त्यांनी. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तेलाची बाटली मागितली. तेव्हा मला त्या पाहण्याचा अर्थ लागला नाही. इतकं जवळ राहून माणूस इतका ठार आंधळा असू शकतो.

आणि त्याच हिवाळ्यात आम्ही ते पत्र लिहायला घेतलं. कारखाना मी बंद केला होता. इतवारीत बॅटरीचे ठेले यायला लागले आहेत. ओढावं लागत नाही, चांगलं आहे, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण जो तो आपल्या मनाच्या उंचीचा बनवून राहिला. आता माप ठरलं तर सगळे एकसारखे निघतील. दहा वर्षांनी ठरवून उपयोग नाही, तेव्हा ते सगळे रस्त्यावर असतील. म्हणून म्हटलं, एक शेवटचं पत्र, पक्क्या आकड्याचं. आणि आकड्यापाशीच अडलो.

पत्राचा बाकीचा मजकूर झाला. ऊन कमी झालं. तिनं कागद घडी न घालता पुठ्ठ्याखाली ठेवला, पेनाला टोपण लावलं आणि चहा ठेवायला आत गेली. मी तुरीचे दाणे वाटीत गोळा करत होतो. ती चहा न घेता बाहेर आली. छातीवर हात, तोंड पांढरं. खाली बसली आणि म्हणाली, गॅस बंद केला मी.

ऑटो केला. रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलात नेलं. ऑटोतून तिला उचलून स्ट्रेचरवर ठेवलं. स्ट्रेचर आत गेलं, पलंगाला लावलं. पलंग स्ट्रेचरपेक्षा चार बोटं वर होता. ही माझी नजर, जात नाही. चौघं आले, चादरीची चार टोकं धरली, एक दोन तीन म्हटलं आणि तिला वर घेतलं. तिला ते दुखलं, ओठ चावला तिनं. मग मान माझ्याकडे वळवली.

"पाहा," ती म्हणाली, "इथं बी तुमचं माप नाही."

मी हसलो. चौघांतला एक पण हसला, त्याला काही कळलं नसेल तरी. मग पडदा ओढला आणि मला बाहेर बसवलं. दिवेलागणीला डॉक्टर बाहेर आला. त्यानं जे करायचं ते केलं, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. तिचं शेवटचं बोलणं मापाचं होतं आणि त्यावर मी हसलो होतो, एवढंच मी घरी घेऊन आलो.

तिला घरी आणलं. रंजना पारशिवनीहून आली. सकाळ झाली तेव्हा समोरच्या खोलीत माणसं भरलेली होती, भन्तेजी यायचे होते, उचलायला अजून वेळ होता. शेजारचे चहा देत होते. मी घेतला नाही. माझ्या डोक्यात एकच होतं. ती म्हणाली होती, उद्या सकाळी ठरवू. आणि सकाळ झाली होती.

मी उठून आत गेलो. स्वयंपाकघरात कालचं भांडं गॅसवर तसंच होतं. पाणी, साखर, चहापत्ती तेवढी बाजूला काढलेली. मी ओट्यापाशी उभा राहिलो. पाणी प्यायला सोडून मी तिथं कधी उभा राहिलो असेन असं वाटत नाही. दोन्ही हात कडप्प्यावर ठेवले. ओटा मला तंतोतंत आला. कोपर वाकायला नको, पाठ झुकायला नको. इतका सोयीचा ओटा मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

पायाला पाट लागला. तो ओट्याला लावून ठेवलेला, काल ती ज्यावरून उतरली तसाच, जरा तिरपा. मी तो उचलला. मधोमध दोन जागी लाकूड बसलेलं होतं, दोन पावलांएवढं, गुळगुळीत. आंब्याचं लाकूड मऊ असतं.

शर्टाच्या खिशात माझी टेप असते, त्या दिवशीही होती. पाट कडेला पाच इंच भरला, मी केला तसाच. मध्ये, पावलांच्या जागी, पावणेपाच. मग ओटा मोजला. छत्तीस. पुन्हा मोजला. मग वजाबाकी केली, बोटांवर.

अंगणात जाऊन पुठ्ठा आणला. पत्र तिथंच होतं, वर पेन. ओट्यावर कागद ठेवून तिनं सोडलेल्या जागेत आकडा लिहिला. सव्वाएकतीस. अंकात लिहिला आणि अक्षरातही, कारण ती तसं करायची, म्हणजे कोणी आकडा फिरवत नाही. तिच्या ओळीत माझं अक्षर वेडंवाकडं दिसत होतं. साहेब म्हणाला होता, आकडा कशावरून काढला ते लिहा. म्हणून शेवटी, सहीच्या वर, एक ओळ घातली. हे माप एका बाईने चाळीस वर्षे उभे राहून काढलेले आहे.

बाहेरून रंजनानं हाक मारली, "बाबा, या आता." मी पाट होता तिथं ठेवला, तसाच जरा तिरपा, आणि कुसुमला उचलायला गेलो.